मधला समुद्र पुसताना

आत्याचा फोन आला तेव्हा खारू एका नदीला वळण देत होती. नदी मोठी हट्टी होती. डोंगरातून निघाली की सरळ समुद्राकडे धावत सुटायची आणि मधल्या सगळ्या गावांना कोरडं ठेवायची. खारूने तिला तसंच लटकत सोडलं आणि फोन घेतला.

"कामात नाहीस ना गं?" आत्याने विचारलं, तेही चक्क लाडिक आवाजात. आत्या काही लाडात येणारी बाई नव्हे. एरवी ती फोनवर साधं 'हॅलो'ही न म्हणता मुद्द्यावर यायची आणि मुद्दा संपला की निरोप न घेता फोन ठेवायची. ती गोड बोलतेय म्हणजे काहीतरी निस्तरायचं होतं आणि ते खारूच्या गळ्यात पडणार होतं.

झालंही तसंच. आत्याच्या कादंबरीमालेतलं शेवटचं पुस्तक छापखान्यात होतं. पानं छापून झाली होती, फक्त मुखपृष्ठाच्या आत चिकटवायचा नकाशा राहिला होता. नकाशा तोच, नेहमीचा, थोडा रंग बदलून द्यायचा, असं ठरलं होतं. आता आत्याचं म्हणणं असं, की शेवटच्या प्रकरणात निळवणची राणी आडमाळच्या राजाच्या दारात जाते. पायी जाते.

"आत्या," खारू म्हणाली, "मध्ये समुद्र आहे."



"अगं हो की," आत्या म्हणाली. गॅसवर दूध ठेवून विसरलेला माणूस म्हणतो तसं. "आता गं काय करायचं? पानं तर छापून झाली, ती काही बदलता येत नाहीत. तू असं कर, समुद्र काढून टाक. संध्याकाळी छापखान्यात पोचव." आणि निरोप न घेता फोन ठेवला.

खारूने कपाळाला हात लावला.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून घरात 'खारू' पडलं ते पडलंच. गंमत अशी, की पुढे हिने धंदा निवडला तो दिवसदिवस खुर्चीला चिकटून बसण्याचा. ती नसलेल्या देशांचे नकाशे करायची. कुणी गोष्ट लिहायचा, कुणी खेळ बनवायचा, आणि त्यांच्या डोक्यातली बेटं, घाट, बंदरं खारू कॉम्प्युटरवर उभी करायची. तिची बसायची जागा म्हणजे बाबांच्या चष्म्याच्या दुकानामागची खोली. पूर्वी तिथे काचा घासायचं यंत्र होतं. आता तिथे तिचं टेबल होतं, पण भिंतीवरचा अक्षरांचा जुना तक्ता कुणी काढला नव्हता आणि काचेची बारीक पूड अजून कुठल्या कुठल्या फटीतून निघायची.

पुढच्या दुकानात बाबा. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून ते एकामागून एक काच घालायचे आणि विचारायचे, हे बरं की आधीचं? गिऱ्हाईक म्हणालं आधीचं, तर बाबा स्वतःचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, नाही, हेच बरं. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं, आणि खरी अडचण तीच होती.

कारण आत्याच्या पहिल्या पुस्तकात आडमाळचा राजा होता. पोट सुटलेला, नाकावर रागाचं बिऱ्हाड, आणि काहीही बोलण्याआधी हातातलं भिंग शालीला पुसून 'माझंच खरं' म्हणणारा. पुस्तक गाजलं. बाबांच्या दुकानात येणारा जो तो बाबांकडे बघून हसू दाबायला लागला. नातेवाइकांनी तर ताळच सोडला. एका लग्नात कुणीतरी बाबांना 'महाराज, जेवलात का?' असं विचारलं आणि बाबा जेवणावरून उठले ते थेट बहिणीच्या घरी गेले. तो राजा मी आहे, ते म्हणाले. तो तू नाहीस, आत्या म्हणाली. मीच आहे. नाहीस. त्या दिवसापासून सख्ख्या बहीणभावांत विस्तवही जात नव्हता.

तोवर आत्या रोज दुपारी दुकानात यायची. काउंटरमागे स्टूल ओढून बसायची, बाबा चहा करायचे, आणि दोघं कशावर ना कशावर वाद घालायचे. खारू मागच्या खोलीतून ऐकत काम करायची. ते सगळं बंद पडलं. आत्या राहायची मोठा चौक ओलांडला की लगेच. पण बाबा बाजारात जाताना बागेच्या मागून लांबचा वळसा घालून जायचे, का, तर तिच्या खिडकीसमोरून जायला नको. आई मात्र दोन्हीकडे बिनधास्त जायची. मी दोन्ही किनाऱ्यांची आहे, म्हणायची.

किनारे आले ते दुसऱ्या पुस्तकात. पहिल्यात निळवण आणि आडमाळ एकाच भूमीवर शेजारी शेजारी होते. दुसऱ्यात आत्याने भूकंप घडवला, मधली खोरी पाण्याखाली घातली आणि खारूला सांगितलं, घे, भूमी मधोमध चीर. खारूने चिरली. पुढच्या सगळ्या पुस्तकांत राणी इकडे, राजा तिकडे आणि मध्ये हा एवढा समुद्र. आणि तो समुद्र कुणाचा होता हे न कळण्याइतकी खारू दुधखुळी नव्हती.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. हे शेवटचं पुस्तक. आजवर निदान नकाशाच्या निमित्ताने या घरातलं काहीतरी त्या घरात जात होतं. आत्या फोनवर नकाशाचं बोलून झालं की सहज विचारल्यासारखं विचारायची, दुकान चालू आहे ना, गुडघा दुखतो का अजून. कुणाचा गुडघा, ते म्हणायची नाही. आणि बाबा चहाचा कप घेऊन मागे यायचे आणि स्क्रीनकडे न बघता बघायचे. नकाशे संपले की तेही संपणार होतं. दोघांचीही वयं झाली होती, दोघांचाही ताठा तसाच होता. खारूला त्या दुपारी परत हव्या होत्या. फार हव्या होत्या. पण हट्टी नदीला वळण देणं परवडलं, या दोघांना कोण देणार?

तिने जुना नकाशा उघडला आणि बाह्या सरसावल्या.

भूमी चिरणं एका दुपारचं काम होतं. रबर घेतलं, मधून फिरवलं, किनारे जरा ओबडधोबड केले, झालं. जोडायला गेली तेव्हा कळलं की घोडं किती ठिकाणी अडतं. पहिला उपाय तिने सोपा काढला. आडमाळची भूमी पकडली आणि ओढत पूर्वेला आणली. भूमी आली. पण डोंगर दुसऱ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर होते, ते आलेच नाहीत. आडमाळ निघून गेलं आणि त्याचे डोंगर जुन्या जागी पाण्यात रांगेने उभे राहिले, बस चुकलेल्या माणसांसारखे. खारूने सगळं मागे घेतलं.

मग तिने दोन्ही भूमी जागच्या जागी ठेवल्या आणि मधल्या पाण्यात जमिनीचा एक नवा तुकडा काढायला घेतला. तुकडा दोन्ही किनाऱ्यांवर थोडा थोडा चढला पाहिजे, आणि मग 'जोडा'चं बटण दाबायचं, म्हणजे आतल्या किनाऱ्याच्या रेघा विरघळून एकच भूमी होते. बटण दाबलं नाही तर जमिनीवर जुना किनारा तसाच राहतो, तडा गेलेल्या बशीसारखा. एवढं तिला येत होतं. प्रश्न होता जागेचा. कुठे जोडायचं? तिने दक्षिणेकडची चिंचोळी जागा निवडली. तिथे दोन्ही किनारे जवळ होते, काम कमी पडणार होतं.

"तिथे नको," मागून आवाज आला.

बाबा कप घेऊन उभे होते. चहा केव्हाच निवला असावा.

"तिथे दातेरी खडक आहेत. राणीचं अख्खं आरमार फुटलं तिथे. ती तिथून कशी चालेल? वर घे, बंदराच्या वर, तिथे पाणी उथळ आहे."

खारूने खुर्ची फिरवली. दातेरी खडक नकाशावर नव्हते. ते फक्त तिसऱ्या पुस्तकात होते, आणि बाबांनी तर पहिल्या पुस्तकानंतर तुझ्या आत्याच्या अक्षराला मी शिवणार नाही असं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. तिने त्यांना हळूच विचारलं, की हे त्यांना कुठून कळलं.

"गिऱ्हाइकं बोलतात," बाबा म्हणाले आणि लगबगीने पुढे गेले.

चष्मा करायला आलेली माणसं आरमाराबद्दल बोलतात, हे खारूला नवीनच होतं. पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. जमिनीचा तुकडा मुकाट्याने बंदराच्या वर घेतला.

आता त्या बंदराची पंचाईत झाली. चार पुस्तकं ज्या बंदरात जहाजं लागत होती, ते अर्धं जमिनीत गेलं. दोन नद्यांची मुखं बुजली आणि त्या शेतात येऊन थांबल्या, पुढे काय करायचं ते न कळल्यासारख्या. कोपऱ्यात काढलेला आठ हातांचा सागरी राक्षस एका कुरणात जाऊन पडला. त्याला उचलून तिने उत्तरेच्या समुद्रात सोडलं, नद्यांना एकत्र करून खाली वळवलं, किनाऱ्यालगतच्या लाटांच्या रेघा एकेक करून खोडल्या. हे सगळं संध्याकाळपर्यंत उरकेल असं काही दिसेना. म्हणून तिने छापखान्यात फोन लावला आणि तिथल्या काकांना जरा जास्त वेळ मागितला.

काकांना कसलीच घाई नव्हती. उद्या सकाळी दिलंस तरी चालेल, ते म्हणाले. पानं छापायला घेतली तेव्हाच बाईंनी सांगून ठेवलं होतं, की नकाशा सगळ्यात शेवटी येईल, भाचीला त्यातला समुद्र बुजवायचा आहे.

खारू फोन हातात धरून बसून राहिली. म्हणजे आत्या समुद्र विसरली नव्हती. जी बाई भावाने तिसरीत मोडलेली पेन्सिल अजून विसरत नाही, ती स्वतः भूकंप घडवून आणलेला समुद्र कसा विसरेल? हे आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. आत्याने राणीला ठरवून पायी धाडलं होतं, ठरवून पानं आधी छापून घेतली होती, आणि नुसतं सरळ सांगायला मात्र तिची जीभ रेटली नव्हती.

खारूला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याच भरात तिने तिन्ही तुकडे निवडले आणि 'जोडा' दाबलं.

किनारे विरघळले. मध्ये एका जागी पाण्याचा लहानसा डाग राहिला, तुकडा तिथे नीट चढला नसणार. बाकी भूमी एक झाली. आणि तेवढ्यात बाबा पुन्हा मागे उभे.

"आडमाळ कुठे गेलं?"

खारूने पाहिलं. सगळ्या भूमीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठ्या अक्षरांत एकच नाव पसरलं होतं: निळवण. ती घाईघाईने सांगायला लागली, की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, जी भूमी आधी निवडावी तिचंच नाव राहतं, आपण चुकून आधी निळवणवर क्लिक केलं, आत्ता सरळ करते. पण बाबांनी चष्मा काढला होता आणि ते शर्टाच्या टोकाला पुसत होते. पुसत होते आणि थांबत नव्हते.

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं पुस्तक, तिची जमीन. मी तिथे नव्हतोच, असंच म्हणते ना ती?" आणि पुढे निघून गेले.

खारूचा जीव तुटला. हा माणूस राजा केला म्हणून रुसला होता, आणि आता राज्य पुसलं म्हणून त्याला रडू येत होतं. ते तिला बघवेना. ती उठली, आत्याला फोन लावत पुढच्या दुकानात गेली आणि काउंटरवर, फ्रेमांच्या रांगेसमोर, फोन ठेवून स्पीकर चालू केला. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, नाकावर तपासणीची फ्रेम, एका डोळ्यावर झाकण. त्याच्यासमोर घरचं काढायचं नाही, हे खारूला कळत होतं. पण आता तेवढा धीर नव्हता.

"आत्या, तू समुद्र विसरली नव्हतीस," ती म्हणाली.

 आत्या म्हणाली, छापखान्यातल्यांच्या पोटात काही राहत नाही.

खारू म्हणाली, की राणी दारात गेल्यावर काय होतं ते वाचून दाखव, रस्ता कुठवर काढायचा ते मला कळायला हवं.

"तुझा बाप ऐकतोय का?"

खारूने बाबांकडे पाहिलं. बाबा दोन्ही हात हलवून नाही सांग, नाही सांग, असं खुणावत होते.

"हो," खारू म्हणाली.

पानं उलटल्याचा आवाज आला. मग आत्या वाचायला लागली. तिचा आवाज सुरुवातीला चांगला खणखणीत होता. राणी चालत चालत आडमाळला आली. दार वाजवलं. राजाने दार उघडलं, हातातलं भिंग शालीला पुसलं आणि विचारलं, कशाला आलीस?

"राणी म्हणाली," आत्या वाचत होती, आणि आता तिचा आवाज तितका खणखणीत राहिला नव्हता, "'तुझंच खरं होतं, हे सांगायला आले. तो तूच होतास. तुझ्यावाचून दुसरं कुणी मला तितकं नीट माहीतच नव्हतं. आणि तू नाहीस तर मला भांडायला कुणी नाही रे.'"

 गिऱ्हाइकाने आपण होऊन डोळ्यावरचं झाकण काढलं.

"असं छापलंय?" बाबांनी फोनला विचारलं. इतक्या वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य ते हे.

"छापलंय. सगळ्या प्रतींत. आता काही बदलता येत नाही."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. काच कोरडी राहत नव्हती.

"मग राजा काय म्हणतो, ताई?"

 'तुझी आत्या' सोडून बहिणीसाठी दुसरा शब्द खारूने त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"ते मला कुठे माहितेय," आत्या म्हणाली. "मी तिथेच पुस्तक संपवलं." आणि या वेळी तिने फोन ठेवला नाही. ठेवला तो बाबांनीच, हलक्या हाताने.

ते कोपऱ्यात गेले आणि बुटात पाय घालायला लागले. नाडी काही बांधता येईना, गुडघा आड येत होता, म्हणून खारूने वाकून बांधून दिली. तिने सांगितलं, की नावं दोन्ही ठेवते, आडमाळ पश्चिमेला, होतं तिथेच. आणि मध्ये राहिलेला तो पाण्याचा डाग भरून टाकते.

"तो राहू दे," बाबा म्हणाले. "एवढंसं तळं असावं मध्ये. दोघांना अलीकडे पलीकडे बसून भांडता येईल."

दारात जाऊन ते वळले, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले की आधीचीच काच बरी होती, तुमचंच बरोबर, आणि बाहेर पडले.  आता मला सोडवणार कोण, असं गिऱ्हाईक खारूला विचारत होतं, पण खारू काचेशी जाऊन उभी होती. बागेच्या मागचा वळसा डावीकडे होता. बाबा तिकडे वळले नाहीत. हात वर करून त्यांनी एक गाडी थांबवली, मग दुसरी, आणि भर चौकाच्या मधून सरळ त्या खिडकीकडे चालत निघाले.